भावानं दिलेला जबाब

माझा नवरा केनियाचा. मी मस्कतला एका दवाखान्यात नर्स होते आणि तो तिथल्या मशिनी दुरुस्त करायचा. तिथंच ओळख झाली, पुढं लग्न केलं. आई आधीच गेली होती. बाबांना लकवा मारला तेव्हा मी नोकरी सोडून नागभीडला परत आले, इथल्या दवाखान्यात काम धरलं, आणि माझ्या मागोमाग तोही आला. मोठा भाऊ चंद्रपूरजवळ ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहायचा. रविवारी यायचा, बाबांजवळ घडीभर बसायचा आणि जायचा.

बाबांना उचलून न्हाणीत न्यायचं, आंघोळ घालायची, दाढी करायची, ही सगळी कामं नवऱ्यानं हळूहळू आपल्याकडं घेतली. सुरुवातीला त्याचा हात लागला की बाबा डोळे मिटून घ्यायचे. पुढं मी उचलायला गेले तर मलाच म्हणू लागले, "तू नोको, त्याले बोलाव." तोही 'हो'ला 'हौ' आणि 'का'ला 'काऊन' म्हणायला शिकला. लाखोळीच्या डाळीचं वरण-भात बाबांसारखं मिटक्या मारत खाऊ लागला.

त्याला इथं कायम राहायचं तर परवान्याचं कार्ड लागतं. आम्ही अर्ज केला होता. एका दुपारी मोबाईलवर निरोप आला, अर्ज नामंजूर. कारण, पती-पत्नी एकत्र राहत नसल्याचं चौकशीत आढळलं. दिलेल्या मुदतीत त्यानं देश सोडावा. आम्हाला आधी हसूच आलं. दुसऱ्या कोणाचा निरोप चुकून आला असेल असं वाटलं.

मी पोलीस स्टेशनला गेले. चौकशीला आलेला शिपाई ओळखीचा निघाला. त्यानं मला बसायला खुर्ची दिली.

"ताई, मी आलो होतो घरी. तुम्ही ड्युटीवर होत्या, तुमचे मिस्टर दिल्लीले गेले होते म्हणे. तुमच्या भावानंच जबाब देला."

"काय सांगितलं त्यानं?"

"हा माणूस इथी राहत नाई, कधीमधी येते. लग्न फक्त नावाचं हाय. आता घरचाच माणूस सांगते म्हटल्यावर मी आणखी कोणाले विचारू?"

दिल्लीला, केनियाच्या वकिलातीत, नवऱ्याला पाठवलं होतं ते भावानंच. "जवाई, पासपोर्टचं काम करूनच घ्या. मी सुट्टी टाकतो, बाबाजवळ राह्यतो," असं म्हणाला होता. त्या दिवसांत ड्युटीवर जाताना मी भावासाठी ताट झाकून ठेवायचे. भाऊ एवढं करतो म्हणून मला भरून यायचं.

दुसऱ्या दिवशी मी ऊर्जानगर गाठलं. वहिनीनं पाणी आणून ठेवलं आणि ती आत निघून गेली. भावानं नाकारलंच नाही.

"पोरीचं जुळून राह्यलं. पाहुणे विचारून गेले, बाबाच्या घरात कोण राह्यते म्हणून. मी काय सांगू त्याईले? लग्न होऊन जाऊ दे, मंग पुन्हा अर्ज करा."

"भाऊ, तो बाबाचं हागणं-मुतणं काढते."

"मी कधी म्हटलं का, वाईट माणूस हाय म्हणून?"

मी उठले. दाराशी पोचले तेव्हा तो मागून म्हणाला, "आन मी एकट्यानं नाई सांगितलं. बाबा होते बाजूले. पोलिसानं त्याईले बी विचारलं. त्याईनं मान हलवली."

परतीच्या बसमध्ये मी एकच घोकत होते, हे तरी खोटं असू दे.

घरी पोचले तेव्हा नवरा बाबांना भरवत होता. त्याच्यासमोरच मी विचारलं. बाबांची जीभ जड झालेली, पण शब्द कळायचे.

"नातीचं लग्न हाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुहा भाऊ म्हणे, थोड्या दिवसाचंच काम हाय." आणि तोंड भिंतीकडं फिरवलं.

एवढं मराठी नवऱ्याला समजत होतं. त्यानं वाटीतला राहिलेला भात तसाच धरून ठेवला. बाबांनी तोंड परत इकडं वळवलं तेव्हा तो भरवला, तोंड पुसलं आणि अंगणात आला. मला म्हणाला, "मुझे लगा था, मैं घर का हो गया." एवढंच. सकाळी त्यानं नेहमीसारखी बाबांना आंघोळ घातली. मी मात्र त्या खोलीत गेले नाही.

चंद्रपूरच्या वकिलानं अपिलाची तयारी केली. "भावानं जबाब फिरवला तर सोपं जाईल, नाहीतर शेजारी आणा," म्हणाला. भाऊ फोन उचलेना. गल्लीतले, आमच्या ओसरीवर रोज बसणारे लोक म्हणू लागले, "बहीण-भावाच्या भानगडीत आमी काऊन पडा?" शेवटी भिंतीपलीकडचे टेलरचाचा आणि चाची आपणहून आले. चाचांनी दुकान बंद ठेवलं आणि दोघं आमच्यासोबत चंद्रपूरला आले.

सुनावणीत अधिकाऱ्यानं विचारलं, "हे दोघं एकत्र राहतात, हे तुम्हाला कशावरून माहीत?"

चाचा काही बोलायच्या आत चाची म्हणाली, "साहेब, मधात एकच भिंत हाय. हे दोघं भांडले का मले झोप येत नाई. आन हे रोज भांडतेत."

अधिकारी हसला. त्यानं पुन्हा चौकशी करायला सांगितलं.

या वेळी दुसरे साहेब घरी आले. त्यांनी सगळ्या खोल्या पाहिल्या, नवऱ्याला हिंदीत चार प्रश्न विचारले आणि बाबांच्या खाटेजवळ बसले. "हा माणूस कुठं राहतो, काका?"

"इथीच राह्यते," बाबा म्हणाले. "माहा जवाई हाय. रोज इथीच राह्यते." बोलताना त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

मला त्या क्षणी आनंद व्हायला हवा होता. पण मनात एवढंच आलं, की हे त्यांना तेव्हाही बोलता येत होतं.

कार्ड मिळालं. मी चाचीला मिठी मारून रडले. बाबांना नवऱ्यानंच सांगितलं. त्यांनी त्याचा हात धरून ठेवला म्हणे. मी तेव्हा आत नव्हते. त्यांची औषधं, जेवण मी वेळेवर देते. गप्पा मारायला मात्र त्यांच्याजवळ बसवत नाही.

भाचीच्या लग्नाआधी भावाचा फोन आला, अपिलानंतर पहिल्यांदाच.

"बाई, तू ये बरं. एकटीच ये. समजून घे. आन बाबाले एवढ्या दूर आणता येत नाई, त्याईच्याजवळ कोणीतरी पाह्यजे. जवाई राह्यतीन ना घरी?"

"त्यालेच विचार," म्हणून मी फोन नवऱ्याच्या हातात दिला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि "हौ" म्हणाला.

लग्नाला मी गेले नाही. नवऱ्यानं त्या दिवशी बाबांची दाढी केली, त्यांना नवा शर्ट घातला. मी स्वयंपाकघरात होते. बाबा त्याला विचारत होते, आता वरात निघाली असेल का म्हणून. तो म्हणत होता, "हौ बाबा, निघाली असन."