घास कुठे अडतो

आमच्या दाजींच्या दाराची बेल वाजवली की आतून पहिला प्रश्न येतो, "कोण?" आपण म्हणायचं, "मी." मग दुसरा प्रश्न येतो, "कशावरून?" माझी थोरली बहीण लग्न होऊन त्यांच्या घरी गेली, त्याच आठवड्यात मी हा प्रश्न पहिल्यांदा ऐकला. आता ती जाऊनही बरीच वर्षं झाली, प्रश्न तोच आहे. मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे जेवतो, आणि रोज दाराबाहेर उभा राहून मी मीच असल्याचा पुरावा देतो.

दाजींचा धंदा चाव्यांचा. कुणाचं दार अडकलं, कपाटाची किल्ली हरवली की त्यांना बोलावणं येतं. आमचं दोघांचं दुकान एकच आहे आणि शटरही एकच. डावीकडे माझी घड्याळदुरुस्ती, उजवीकडे त्यांच्या चाव्या. जन्मभर दुसऱ्यांची कुलपं उघडल्यामुळे जगातलं कुठलंच कुलूप भरवशाचं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक झालंय. माणसांबद्दलही त्यांचं मत तेच. दूधवाला हसला तर दुधात पाणी, नाही हसला तर पाण्यात दूध. डॉक्टरने गोळ्या दिल्या तर त्याचं औषधवाल्याशी साटंलोटं, नाही दिल्या तर तो काहीतरी लपवतोय. मला या स्वभावाचा मनापासून कंटाळा आहे आणि तो मी त्यांच्यापासून लपवलेलाही नाही.

दुकानासमोर एक लाकडी बाक आहे. चावी घासून होईपर्यंत गिऱ्हाईक तिथे बसतं. पण खरं सांगायचं तर गिऱ्हाइकाला तिथे जागाच मिळत नाही, कारण बाकावर आमच्या गल्लीची सभा भरलेली असते. विषय एकच: आपल्या शहराच्या बास्केटबॉल संघात राखीव खेळाडूंपैकी कुणाला मिनिटं मिळायला हवीत. मुख्य पाच जणांबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. ते खेळणारच, त्यात भांडायला काय आहे? भांडण सगळं बाहेर बसलेल्यांवरून.

बसचा कंडक्टर 'खांबा'चा माणूस. खांब म्हणजे संघातला सगळ्यांत उंच पोरगा. हुकलेला चेंडू तो कुणाच्या हाती लागू देत नाही, पण मैदानाची एक फेरी मारली की त्याला धाप लागते. औषधवाला 'आजोबां'च्या बाजूचा. आजोबा पस्तिशीचे आहेत, पण त्या खेळात पस्तिशी म्हणजे पणजोबाच. आणि दाजी 'डावऱ्या'चे. डावऱ्या लांबून डाव्या हाताने तीन-तीन गुणांचे बास्केट टाकतो, आणि कोच त्याला कधी पाठवतो, तर सामना हातातून गेल्यावर. ताटं उचलताना मीठ वाढावं तसं. दाजींच्या मते यात नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं. डावऱ्याने कोचची कसली तरी भानगड पाहिली असणार, किंवा खांबाचा कुणी मामा वर बसलेला असणार. मी म्हणायचो, दाजी, डावऱ्याला समोरच्याला अडवताच येत नाही, म्हणून बसवतात. त्यावर ते माझ्याकडे असं बघायचे, जणू कोचने मलाही फितवलंय.

आता मुख्य गोष्ट सांगतो. माझी भाची, म्हणजे दाजींची एकुलती एक मुलगी, त्याच संघाची फिजिओथेरपिस्ट आहे. खेळाडूंचे गुडघे, घोटे, पाठी तिच्या हाताखाली असतात. हॉस्पिटलात पडेल ते काम करत, रात्रपाळ्या काढत तिने ही जागा मिळवली. कुणाचं काय दुखतंय, कोण खेळणार, कोण नाही, हे घरीदारी बोलायचं नाही, अशी तिथली सक्त ताकीद होती, आणि तिने ती अक्षरशः पाळली. मी रोज पंक्तीला असायचो. पोरीने कधी तोंडातून शब्द काढला नाही.

आणि तरीही दाजींचे अंदाज खरे ठरायला लागले.

"उद्या खांब मैदानात उतरणारच नाही, घोटा गेलाय त्याचा," ते चावी घासता घासता म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी खांब टॉवेल पांघरून बसलेला दिसायचा. बाकावर दाजींचा भाव वधारला. कंडक्टर त्यांचं वाक्य खाली पडू देत नसे. लगेच मोबाइल काढून चाहत्यांच्या ग्रुपवर टाकायचा, वर 'आतल्या गोटातून' असं लिहून. दाजींना ते आवडायचं. त्यांनी तसं कधी म्हटलं नाही, पण असं काही खरं ठरलं की त्या दिवशी ते मला चहा पाजायचे, आणि दाजींनी स्वतःहून चहा पाजणं म्हणजे काय हे मलाच ठाऊक.

मग एका संध्याकाळी भाची जेवायला बसली आणि म्हणाली, बाहेर बातम्या फुटतायत. खांबाचा घोटा दुखतोय हे समोरच्या संघाला सामन्याआधीच कळलं होतं. त्यांनी आपला सगळ्यांत चपळ गडी मुद्दाम त्याच्यावर सोडला आणि पोरगा लंगडत बाहेर आला. खांब स्वतः सोडला तर ही गोष्ट फक्त तिघांना ठाऊक होती: कोच, डॉक्टर आणि ती. कोचने तिला खोलीत बोलावून सांगितलं होतं की पुन्हा एकदा असं झालं तर तिचा करार संपला. सांगताना तिचा आवाज हलला नाही, पण पाण्याचा पेला तिने दोन्ही हातांनी धरला होता.

दाजींचा चेहरा लाल झाला. माझ्या पोरीवर आळ? दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तपासच सुरू केला. डॉक्टरने नवे बूट घेतले होते, ते कुठून आले? मैदान पुसणारा माणूस दुसऱ्या गावचा होता, तो इथे का आला? शेवटी तर कोचनेच स्वतः बातमी फोडून पोरीच्या गळ्यात घातली, इथपर्यंत त्यांची मजल गेली. बाकावर या विषयाला ऊत आला. कंडक्टरही मोठ्या तळमळीने संशयितांची नावं सुचवत होता, आणि मधूनच विचारत होता, "बरं दाजी, परवा कोण खेळणार?" आणि दाजी सांगत होते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यातला हा प्रकार. माझ्याही लक्षात आला नाही, हे कबूल केलं पाहिजे.

लक्षात आलं ते भाचीच्या. शेवटी मुलगी कुणाची!

त्या आठवड्यात एकदा आम्ही तिघं जेवत होतो. दाजींचं नेहमीचं पुराण चालू होतं. खांबाला आता विश्रांती द्यायला हवी, नाही का? डावऱ्याला या वेळी तरी घेतील का? आजोबांचं काही खरं दिसत नाही... ते एकेक नाव घेत होते, आणि भाची खाली मान घालून जेवत होती. मी उठून पाणी आणायला गेलो. विशेष काही घडलं असं मला वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी बाकाला सांगितलं, आजोबांचा गुडघा गेला, आता डावऱ्याला मिनिटं द्यावीच लागणार. दुपारपर्यंत ते ग्रुपवर पसरलं. आणि दुपारनंतर भाची दुकानात आली, संघाचा ट्रॅकसूट तसाच अंगावर. बाकावरच्यांनी सरकून जागा केली. ती बसली नाही.

"बाबा, काल मी आजोबांच्या नावाला मुद्दाम घास थांबवला," ती म्हणाली. "ते ठणठणीत आहेत. सकाळी माझ्यासमोर दोरीवरच्या उड्या मारत होते."

दाजींच्या हातातली कानस थांबली.

कुलूप चावीशिवाय उघडताना दाजी काय करतात, ते मी इतकी वर्षं शेजारी बसून पाहिलंय. तार आत घालायची आणि आतली एकेक खिट्टी हळूच दाबून बघायची. जी अडते तिथे थांबायचं. घाई नाही, जोर नाही. रोज संध्याकाळी ते पोरीच्या ताटासमोर बसून नावं घेत होते, ती तशीच. ज्या नावाला तिचा हात क्षणभर थबकला, तो खेळाडू दुखावलेला. तिच्या नखाला चिकटपट्टीचा डिंक दिसला तर घोटा, अंगठा चोळत आली तर मांडी. पोरीच्या तोंडाला कुलूप होतं, आणि कुलूप बघून हात शिवशिवणार नाहीत असे दाजी नव्हेत.

"तू तर मला काहीच सांगितलं नाहीस," ते पुटपुटले. "मी आपला अंदाज..."

"मी सांगितलं नाही. तुम्ही काढून घेतलंत," ती म्हणाली. मग तिचे डोळे भरले. "मी घरी जेवायला बसते, बाबा. झडती द्यायला नाही."

ती निघून गेली. कंडक्टरने मोबाइल खिशात घातला आणि त्याला अचानक ड्यूटीची आठवण झाली. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

सकाळी त्यांनी शटर उघडलंच नाही. इस्त्रीचा शर्ट घालून ते कोचकडे निघाले, मीही सोबत गेलो. कोचची खोली लहान होती, भिंतीवर मैदानाचा फळा आणि कोपऱ्यात चेंडूंची जाळी. दाजींनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. कोचने ऐकून घेतलं. मग डोळे बारीक करून विचारलं,

"तुम्हाला मुलीनं पाठवलंय?"

"नाही."

"कशावरून?"

हा प्रश्न कुणीतरी दाजींना विचारावा म्हणून मी अर्धं आयुष्य वाट पाहिली होती. विचारला गेला तेव्हा मला जराही आनंद झाला नाही. खरं बोलणाऱ्याकडेही पुरावा नसतो, हे दाजींना तेव्हाच पहिल्यांदा कळलं असावं.

"कशावरूनच नाही," ते म्हणाले. "पण तिचं काम काढून घेऊ नका."

कोच फळ्याकडे वळला. मग म्हणाला की आजोबांच्या नावाला घास थांबवल्याचं मुलीने कालच येऊन सांगितलंय. खरं की खोटं, ते तो ठरवू शकत नाही. मोसम संपेपर्यंत तिला राहू देईल. पुन्हा एकदा काही बाहेर गेलं तर तो कारणसुद्धा विचारणार नाही.

बाकावरची सभा अजून भरते. दाजी काही बोलत नाहीत. पण कंडक्टरला वाटतं, एवढं गप्प आहेत म्हणजे नक्कीच काहीतरी मोठं ठाऊक आहे. तो सहज बोलल्यासारखं एकेक नाव घेतो आणि दाजींची कानस कुठे थांबते ते बघतो. शिष्य चांगला तयार झालाय. तो आला की दाजी आता चावी कापायचं मोठं मशीन चालू करतात, कापायला काही असो वा नसो.

मी पूर्वीसारखाच संध्याकाळी जेवायला जातो. कोचकडून आलो त्याच दिवशी दाजींनी टेबलाशी आपली खुर्ची फिरवून घेतली. भिंतीकडे तोंड, मुलीकडे पाठ, ताट मांडीवर. पहिल्या दिवशी भाचीने बघून न बघितल्यासारखं केलं. दुसऱ्या दिवशीही केलं. तिसऱ्या दिवशी तिच्याने राहवेना.

"बाबा, इकडे वळून बसा ना. मी रागावले नाहीये आता."

"नको," दाजी भिंतीला म्हणाले. "वळलो की मला दिसतं."

उठून तिने त्यांच्या ताटात आणखी थोडं वाढलं, आणि आम्ही तिघं जेवत राहिलो.