वायर तोडो आंदोलन, दुपारी ठीक साडेतीन वाजता

आमच्या वाडीतली केबलची मक्तेदारी मी एकटीने मोडून काढली. पन्नास मिनिटांसाठी.

माळशेजच्या रस्त्यावर टोकावड्याच्या अलीकडे आत वळलं की आमची बारा घरांची वाडी लागते. वाडीत टीव्ही म्हणजे बारकूदादाची केबल. बारकूदादा केबलवाला, मांडववाला, डीजेवाला, व्हिडिओवाला आणि अडीनडीला पाण्याचा टँकरवाला. केबलवर त्याचं स्वतःचं एक चॅनलही होतं. त्यावर तालुक्यातल्या हळदी, वाढदिवस आणि सामने चालत. वारा सुटला की चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे. तक्रार केली की तो म्हणायचा, "वारा हाय ना गो. वाऱ्याला मी काय सांगू?"

बारा घरांचे डोळे एका माणसाच्या हातात! माझं रक्त उसळायचं.

रक्त उसळणं हा आमच्याकडे घरगुती आजार आहे. बाबांनी जन्मभर संघटनेचं काम केलं. त्यातून घरात पैसा आला नाही, पत्रकं मात्र आली. गुलाबी, पिवळी, पोपटी. डब्यांखाली पत्रक, फडताळात पत्रक, भाकरीच्या टोपलीतही पत्रक. मी अक्षरं त्यांच्यावरूनच शिकले. पाचवीत 'माझा आवडता प्राणी' या निबंधात गाईबद्दल चार ओळी लिहून मी शेवटी तीन मागण्या केल्या होत्या. (पहिली मागणी: गाईला दुपारची सुट्टी.) बाबांनी माझं नाव क्रांती ठेवलं आणि धाकटीचं समता. समता कबड्डी खेळते. मी लिहिते. आईच्या मते आम्हा दोघींपैकी एकीचाच घाम निघतो.

तर मी केबल बदलायचं ठरवलं. मुरबाडच्या एसटी स्टँडसमोर एका नव्या कंपनीने छत्री लावली होती. छत्रीखालच्या माणसाने सांगितलं, "एकाच तारेतनं टीव्ही पन आनि इंटरनेट पन. तीनशे ब्याऐंशी चॅनल, ताई!" मला लेख पाठवायचा तर हापशीच्या कट्ट्यावर चढून मोबाइल आभाळाकडे धरावा लागे. मी तिथल्या तिथे नाव नोंदवलं. घरी येऊन रात्रीपर्यंत पत्रकही लिहून काढलं:

"बंधू-भगिनींनो! किती दिवस चौकोनी नायिका पाहणार? मक्तेदारीची तार तोडा! येत्या रविवारी, दुपारी ठीक साडेतीन वाजता, आमच्या अंगणात वायर तोडो आंदोलन. बहुसंख्येने उपस्थित राहा!"

गुलाबी कागदावर पन्नास प्रती काढल्या. बारा घरांना पन्नास! (कमी पडायला नकोत.)

आईने पत्रक वाचलं आणि चष्मा काढला. ती खाटेवर होती. पेंढा उतरवताना शिडीवरून घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला, त्याला तेव्हा तीन आठवडे झाले होते.

"रविवारी?" ती म्हणाली. "रविवारी चार वाजता समीची फायनल हाय गो मुरबाडला. बारकू दाखवनार हाय टीव्हीवर."

आता यातलं महत्त्व सांगायला हवं. समता सात वर्षं खेळते, पण आईने तिचा एकही सामना पाहिला नव्हता. कधी लावणी, कधी कापणी, कधी गाभण म्हैस. या वेळी मात्र नक्की, असं तिने समीला कबूल केलं होतं, आणि नेमका पाय मोडला. मग समीनेच बारकूदादाच्या मागे लागून अंतिम सामना त्याच्या चॅनलवर थेट दाखवायचं ठरवून घेतलं. आईने त्या दिवसासाठी खाट टीव्हीसमोर ओढून घेतली होती आणि कोणती साडी नेसायची तेही ठरवलं होतं. (टीव्हीत समी दिसणार होती, आई नव्हे. पण हे तिला सांगायची कोणाची हिंमत?)

"आई, नव्या कंपनीत तीनशे ब्याऐंशी चॅनल आहेत!" मी म्हणाले. "समीच्या कपाळावरचा घामाचा थेंब मोजता येईल!"

"मग पयला नवा लाव. चालला तर जुना तोड."

"आई, अशा तडजोडींनीच चळवळी मेल्या!"

"चळवळी मरूदे. सामना बुडाला तर तुला मी बघून घेईन."

कंपनीचा माणूस गुरुवारी येणार होता. तो शुक्रवारी आला नाही, शनिवारीही आला नाही. रविवारी बाबा समीबरोबर सकाळीच मुरबाडला गेले. निघताना समीने दारातून विचारलं, "आई, बघशील ना?" आई म्हणाली, "पापनी लवनार नाय." पावणेतीन वाजता शहापूरहून मोटरसायकलवर धुळीने माखलेला एक इसम आला. त्याने भराभर तार ओढली, भिंतीला एक पांढरी डबी ठोकली आणि विचारलं, "प्लग कुठंय?"

टीव्हीच्या वर, माळ्यालगत, दोन जागा होत्या. एकीत टीव्ही. दुसरीत एक जुनाट प्लग, त्याची वायर नाचणीच्या पोत्यामागे गेलेली. पोत्यामागे पत्र्याचा एक डबा होता. तो माझ्या लहानपणापासून घूं घूं करायचा. मला वाटायचं जुना मीटर असेल. आई तेव्हा आत प्लास्टर सांभाळत साडी नेसत होती, त्यात तिचा तासभर गेला. मी प्लग उपटला. त्याच्याबरोबर काड्यापेटीच्या पुठ्ठ्याची एक घडी निघाली आणि हातातच तिचा भुगा झाला. डबा गप्प झाला. किती वर्षांनी घरात शांतता!

पांढऱ्या डबीवर लाल दिवा लागला.

"हा हिरवा कधी होणार?" मी विचारलं.

"होईल ताई. अर्धा तास, एक तास. वरनं चालू करतात." असं म्हणून तो आभाळाकडे बोट दाखवत निघूनही गेला.

तोवर साडेतीन वाजले. शहाण्या माणसाने हिरव्या दिव्याची वाट पाहिली असती. पण पत्रकात 'ठीक साडेतीन' छापलं होतं! बाबांच्या सभेला माणसं आली नाहीत तरी सभा वेळेवर सुरू व्हायची, हा आमच्या घराण्याचा एकुलता एक लौकिक. मी कोयता घेऊन अंगणात उतरले. बहुसंख्येने उपस्थित: शेजारच्या गंगूकाकू आणि त्यांची शेळी.

मी मक्तेदारीवर सात मिनिटं बोलले. गंगूकाकूंनी विचारलं, "हलदीकुंकू हाय का काय?" मग मी छपरावरून येणारी ती काळी तार ओट्याच्या दगडावर धरली आणि एका घावात तोडली. शेळीने एक पत्रक खाल्लं. (वाडीत पत्रक शेवटपर्यंत पचवलं ते तिनेच.)

पाचच मिनिटांत लोक सामन्यासाठी टीव्ही लावू लागले, आणि वरच्या आळीतून हाक आली. "टीवी गेला रे!" मग खालच्या आळीतून. मग मधल्या आळीतून. मला अभिमान वाटला. वाटलं, लोकांनी आपापल्या तारा तोडल्या!

चार वाजले तेव्हा आमच्या घरात चाळीस माणसं होती. समता साऱ्या वाडीची. तिचा सामना बघायला घरोघरी पोरंबाळं टीव्हीसमोर बसली होती, आणि घरोघरी पडद्यावर 'सिग्नल नाही' आलं होतं. "क्रांतीकडं नवा बसवलाय," असं ऐकून सगळे इकडे आले. आई नवी साडी नेसून खाटेवर, बाकी सगळे जमिनीवर, आणि चाळीस जणांची नजर त्या लाल दिव्यावर.

"ह्याच्यातच दिसनार काय समी?" एका म्हातारबाबांनी डबीकडे बोट करून विचारलं.

चार वाजून सहा मिनिटांनी दिवा हिरवा झाला. टाळ्या! मी विजयी मुद्रेने रिमोट उचलला. पहिल्या चॅनलवर कोणी परदेशी बाई केकवर फुलं काढत होती. पुढे गेले. समुद्राच्या तळाशी मासे. पुढे. बर्फावरून घसरणारी माणसं. पुढे, पुढे, पुढे! तमिळ, बंगाली, सोन्याच्या बांगड्या, पोटावरची चरबी घटवायचा पट्टा. मी तीनशे ब्याऐंशी चॅनल ओलांडून पुन्हा केकवर आले. फुलं पुरी झाली होती.

"मुरबाड कुठंय गो?" गंगूकाकू म्हणाल्या.

मुरबाड नव्हतं. मुरबाड फक्त बारकूदादाच्या चॅनलवर होतं. जगातली दुसरी कुठलीही कंपनी आमच्या समीला दाखवत नव्हती. हे आधी माझ्या लक्षात येऊ नये इतकं अवघड होतं का? अजिबात नाही. आईच्या ते केव्हाच लक्षात आलं होतं. ती नुसती साडीचा पदर नीट करत राहिली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"पन बाकीच्यांचा का गेला?" मी विचारलं. घाबरले की माझ्याही तोंडी वाडीची भाषा येते.

"तो डबा बंद केलास ना," आई शांतपणे म्हणाली. "बारकूचा बूस्टर हाय तो. मेन लाईन आपल्या घरात येते. इथनं जोर घेऊन बारा घरांना जाते. आपली लाइट जलते म्हनून अकरा वर्सं बारकूनं आपल्याकडनं केबलचा रुपाया घेतला नाय."

चाळीस माणसं माझ्याकडे बघू लागली. त्यातल्या काहींच्या हातात माझं पत्रक होतं. मक्तेदारीचं मुख्यालय आमच्याच माळ्यावर, नाचणीच्या पोत्यामागे होतं!

नव्या इंटरनेटचा पहिला उपयोग मी जुन्या केबलवाल्याला फोन लावायला केला. व्हिडिओ कॉल लावला. निदान आईला मोबाइलवर तरी सामना दिसेल! पण बाबांकडे तत्त्व म्हणून बटणांचा फोन, आणि बारकूदादाच्या एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात माइक. (समालोचकही तोच.) त्याने फोन खांद्यात दाबून धरला. मुरबाडच्या मैदानातून आम्हाला थेट दिसला तो बारकूदादाचा कान.

"बोल क्रांती!" तो म्हणाला. माइक चालूच होता.

"बारकूदादा, माझ्या हातनं तो डबा बंद झाला... आणि तार तुटली."

"काय? तू माझा बूस्टर बंद केलास?" हे मैदानावरच्या चारही कर्ण्यांतून घुमलं. आम्हाला त्याचा प्रतिध्वनीसुद्धा ऐकू आला. "तार कशी तुटली?"

"कोयत्यानं."

"मंडली," कर्णे म्हणाले, "क्रांतीनं कोयत्यानं तार तोडलेली हाय! समताची आई म्याच बघत नाय!"

पंचांची शिट्टी ऐकू आली. समी चढाईला निघाली होती, ती मधल्या रेषेवरच थांबली, असं बाबांनी नंतर सांगितलं. मग ती गेली आणि पहिल्याच झटक्यात पकडली गेली. बारकूदादाने तेही प्रामाणिकपणे जाहीर केलं.

"दादा, आता?" मी जवळजवळ रडत होते.

"आता हाफटाइम होईल. पाच मिन्टं. मी काय तिथं येत नाय. तुझ्या आईला विचार, तिला सगला म्हाईत हाय!"

आईने खाटेवरून सूत्रं हाती घेतली. दर पावसाळ्यात तार तुटली की तीच जोडायची, हे मला त्या दिवशी कळलं. मी तेव्हा बहुधा मक्तेदारीवर लिहीत असायचे.

"गंगू, शिडी धर. सांभाल, तीच शिडी हाय! क्रांती, तार सोल. दातानं नाय गो, कात्रीनं! आतली तांब्याची तार तांब्याला पिल. बाहेरची जाली जालीला. दोघींना एकमेकींना लागू देऊ नको. आता वर चिकटपट्टी."

तार जुळली. मी शिडीवर चढले, पांढऱ्या डबीचा प्लग काढला (इंटरनेट गेलं, कानही गेला) आणि जुना प्लग बसवला. डबा घूं करून गप्प झाला. पुन्हा घूं. पुन्हा गप्प.

"ढिला हाय तो," आई म्हणाली. "काड्यापेटीचा पुठ्ठा लावलेला मी, तो कुठंय?"

त्याचा भुगा माझ्या बोटांना अजून लागलेला होता. "दुसरा काही द्या! लवकर!"

गंगूकाकूंनी हातातलं गुलाबी पत्रक चौघडी करून वर दिलं.

"आई, विजेच्या प्लगात कागद? पेटला तर?"

"तुझ्या पत्रकानं आजपर्यंत कोन पेटलंय?" आई म्हणाली. "घाल!"

मी घातलं. 'मक्तेदारीची तार तोडा' एवढी ओळ बाहेर राहिली. डबा घूं घूं करू लागला आणि करतच राहिला. त्याहून गोड आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

पडद्यावर चौकोन आले. चौकोनांतून मैदान आलं. मैदानातून समी आली. बारकूदादाने कॅमेरा थेट तिच्या तोंडाशी नेला. तिने कॅमेऱ्यात बघून विचारलं, "आई, दिसते काय?"

"दिसतेस गो!" आई टीव्हीला म्हणाली. चाळीस माणसांनीही तेच ओरडून सांगितलं. मुरबाडपर्यंत आवाज गेला नसेल, पण समीने मांडीवर थाप मारली. शेवटच्या चढाईत तिने दोघींना एकदम बाद केलं आणि सामना दोन गुणांनी जिंकला. आईने आनंदाने जोरात थाप मारली, ती नेमकी स्वतःच्या प्लास्टरवर. "आई गं!" म्हणत ती हसतही होती आणि पदराने डोळेही पुसत होती. वर म्हणाली, "पोरीनं गुडघ्याला पट्टी का नाय बांधली?"

संध्याकाळी बारकूदादा समीला आणि बाबांना गाडीवर घेऊन आला. मी माफी मागायला पुढे झाले. तो म्हणाला, "माफी र्‍हाऊदे. वायर तोडायचा पोग्राम परत ठेवशील तर आधी सांग. मांडव माझा लाव."

नव्या कंपनीचं इंटरनेट आहे अजून. ते मिक्सरच्या प्लगवर चालतं, म्हणून आई चटणी वाटते तेव्हा माझा जगाशी संपर्क तुटतो. टीव्ही मात्र बारकूदादाचाच. राहिलेली सत्तेचाळीस पत्रकं डब्यांखाली गेली. (एक शेळीच्या पोटात, एक बाबांच्या संग्रहात.) लिखाणाने समाजात काही फरक पडतो का, असं मला कोणी विचारलं, तर मी ताठ मानेने त्याला आमच्या घरी घेऊन येते. कारण आजही वारा सुटला, चित्र हललं, की खाटेवरून आईची हाक येते:

"क्रांती, तुझं पत्रक जरा आत ढकल गो!"