गुप्त काम आणि खडवलीचा पंप

माझं लग्न जमत नव्हतं त्याला सरकार जबाबदार होतं, असं मी आजही म्हणतो. माझ्या नाकाचा आणि उंचीचाही थोडा हात असेल, पण मुख्य आरोपी सरकारच.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मी ठाण्यातल्या एका सरकारी ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. आत लढाऊ विमानाचं काम चाललंय, असा आम्हा सगळ्यांचा अंदाज होता. अंदाजच, कारण 'विमान' हा शब्द उच्चारायला बंदी होती. म्हणायचं 'वस्तू'. कागदांच्या चार जाती: मर्यादित, गोपनीय, गुप्त आणि परमगुप्त. प्रत्येक जातीचा शिक्का वेगळा, कपाट वेगळं. परमगुप्त कपाटाची किल्ली इतकी जपून ठेवलेली, की एकदा तीन दिवस ती कुणालाच सापडली नाही. शिवाय वस्तूचे तुकडे करून वाटलेले. माझ्या टेबलावर अकरा भोकांची एक पट्टी. ती कशाला बसते ते शेजारच्या टेबलावर, आणि मध्ये पडदा. पडद्यापलीकडचा माणूस रोज माझ्यासोबत डबा खायचा, पण कामाचा विषय निघाला की आम्ही दोघंही लोणच्याकडे बघायचो. घरी चकार शब्द काढणार नाही, अशी सही मी पहिल्याच दिवशी करून बसलो होतो.

आमचं घर कोपरीत. आजोबा मिठागरावर राबलेले. वडील गेल्यावर माझ्यासाठी स्थळं बघायचं काम आईवर आलं. पहिलं स्थळ डोंबिवलीचं होतं. मुलीच्या मामांनी विचारलं, मुलगा नेमकं काय करतो? मी बशीतल्या चिवड्याकडे बघायला लागलो. पोराची बाजू सावरायची म्हणून आई म्हणाली, "पोराचा सगला गुप्त हाय. घरातपन कोनाला दाखवत नाय."

त्या काळी स्टेशनाबाहेरच्या भिंतींवर 'गुप्त' हा शब्द एकाच अर्थाने रंगवलेला असायचा, आणि खाली दवाखान्याची वेळ. मामांनी चहाचा कप हळूच खाली ठेवला. आठवड्याभरात मध्यस्थाकडून नकार आला आणि सोबत कल्याणच्या एका डॉक्टरांचा पत्ता. आईला वाटलं, डॉक्टरांना मुलगी आहे. ती जायला निघालेली, मी कशीबशी थांबवली.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांसमोर उभा राहिलो. साहेब पुण्याचे, बोलणं कायम शुद्ध. बाहेर सांगायला काहीतरी द्या, नाहीतर मी असाच राहीन, असं मी त्यांना म्हटलं. त्यांनी माझी फाइल वर पाठवली. महिन्याने उत्तर आलं: 'सदर कर्मचाऱ्याने आपण पाण्याच्या पंपांच्या विभागात काम करतो असे सांगण्यास हरकत नाही.' त्या कागदावरही 'गोपनीय' असा शिक्का होताच.

पंपाचं उत्तर हाताशी घेऊन मी पुढचं स्थळ बघायला खडवलीला गेलो. मुलीच्या वडिलांची नदीकडे शेती होती. मुलगी कल्याणला स्टेशनजवळच्या क्लासात टायपिंग शिकवायची. पोह्यांची बशी देताना ती म्हणाली, "मिरच्या बाजूला काढा. आईने आज रागात घातल्यात." मला ती तिथेच आवडली, इतकी की मी मिरच्यासुद्धा खाल्ल्या.

वडिलांनी विचारलं, काय करता? मी ताठ बसून म्हणालो, "पंप."

ते लगेच उठले. "मंग चला. आमचा पंप फिरतंय, पन पानी देत नाय."

विहिरीवर मी अर्धा तास काढला. शतांश मिलिमीटरची चूक पकडणारा माणूस मी. पंपाचे बोल्ट सैल केले, परत आवळले, गंभीर चेहऱ्याने व्होल्टेज विचारलं आणि शेवटी पंपाला कान लावला. वडील बादली घेऊन आले. त्यांनी पंपावरचं बूच काढलं, आत पाणी ओतलं, बूच लावलं आणि बटण दाबलं. पाईपातून धो धो पाणी पडायला लागलं.

"हवा धरलेली," ते म्हणाले. "आमचेकडं शालंतले पोरालापन माहीत हाय."

पंप बिघडलेला नव्हताच, सासरा जावई तपासत होता. माझ्यासाठी महिनाभर खपून सरकारने जे कवच तयार केलं, ते एका बादलीत वाहून गेलं. वडील पुढे निघून गेले. मुलगी मात्र मागे थांबली.

"पंप येत नाही ते चालेल मला," ती म्हणाली. "पण मग तुम्ही करता काय?"

मला सांगायचं होतं. शब्द अगदी जिभेवर आलेला. मग सही आठवली, साहेब आठवले, आणि खरं सांगायचं तर नोकरी जाईल ही भीती सगळ्यात जास्त वाटली.

"पंपच," मी म्हणालो.

"आत्ता इथे आपण दोघंच होतो," ती म्हणाली आणि घराकडे चालू लागली.

नकार आला तेव्हा मला वाईट वाटलं, आणि सरकारचा रागही आला. पण जास्त राग स्वतःचा आला. आईने खूप विचारलं, तिलाही मी काही सांगितलं नाही. तोपर्यंत ती सवयच झालेली.

काही वर्षं गेली. एका संध्याकाळी कल्याणच्या प्लॅटफॉर्मवर बुकस्टॉलपाशी उभा होतो. समोर एका साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर वस्तू होती. आतल्या दोन पानांवर पंख, शेपूट, इंजिन, सगळं बाण काढून दाखवलेलं, खाली सोप्या मराठीत माहिती. आम्ही पडद्याआड कुजबुजत ज्याचा अंदाज बांधायचो, ते चहाच्या स्टॉलवरचा माणूस वडे तळता तळता वाचत होता. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्या पानांचं कात्रण फाइलला लागलं. त्यावर 'गुप्त' असा शिक्का मारायचं काम माझ्याकडेच आलं, आणि मी तो मारला.

तिचा क्लास त्या बुकस्टॉलपासून पाच मिनिटांवर होता. जाता-येता तिनेही तो अंक चाळला असेल. मला सांगता आलं नाही ते सगळं तिला त्यात वाचायला मिळालं असेल. फक्त ते काम मी करत होतो, एवढं सोडून.