अख्ख्या जमातीची साक्ष

म्हाताऱ्याला त्याच्या मुलाने फसवलं. आधी हे सांगतो, मग बाकीचं.

सिंगापुरात मरीन परेडला तो माझा शेजारी होता. अलिबागकडचा बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातला ज्यू. जहाजावरच्या नोकरीतून निवृत्त झालेला. खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्या असतात तिथे, नुसती काळी कॉफी घ्यायचा आणि बोट उगारून म्हणायचा, "थाप एकाला मारता येते, अख्ख्या जमातीला नाही!"

त्यांच्या पूर्वजांची मिसरातल्या, म्हणजे इजिप्तमधल्या गुलामीतून सुटका, दुभंगलेला समुद्र, डोंगरावरचा देवाचा आवाज. सगळ्यांनी मिळून पाहिलं, बापाने मुलाला सांगितलं, म्हणून खरं. हा त्याचा पुरावा.

मी तुआसच्या कारखान्यांना पंपांचे सुटे भाग विकून वर आलोय. घासाघीस केल्याशिवाय काही घेत नाही.

"काका, आमच्या देवीने पटकी वेशीवर अडवली, असं अख्खं गाव सांगतं. मानता?"

"ते पुजाऱ्याने सांगितलं आणि गावाने मान डोलावली. आमच्यात प्रत्येक घर साक्षीदार!"

"मधल्या एखाद्या बापाने पदरचं घातलं असेल. मी नाही माल विकताना घालत?"

"म्हणूनच तुला सगळे चोर दिसतात, शेटजी!"

आमचा आवाज चढला की शेजारच्या टेबलावरची माणसं उठून जात. दुसऱ्या दिवशी तोच माझं दार वाजवायचा.

वल्हांडण हा त्यांचा ती सुटका सांगायचा सण. घरातल्या धाकट्याने विचारायचं, "आजची रात्र वेगळी का?" मग मोठ्याने गोष्ट सांगायची. इथेच सेरंगूनला राहणारा मुलगा दर वर्षी नातवाला आणायचं कबूल करायचा. त्या वर्षी मलाही बोलावणं होतं. बिनखमिराच्या भाकऱ्या मांडून झाल्या आणि फोन आला.

"बाबा, त्याची शाळेत टेस्ट आहे. पुढच्या वर्षी नक्की."

मागून नातू इथल्या इंग्रजीत ओरडला, "कॅन नॉट कम लाह, आजोबा!"

म्हाताऱ्याने फोन ठेवला आणि नातवाची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग मला म्हणाला, "तूच विचार."

पन्नाशीचा मी, नातवाच्या खुर्चीत बसून विचारलं. त्याने सगळं सांगितलं. मी एकदाही अडवलं नाही.

"आज भांडत का नाहीस?" तो म्हणाला. "तुझ्या शंकेची मला भीती नाही रे. पोरगा विचारतच नाही."

पुढचा सण त्याला मिळाला नाही.

दफनानंतर मुलगा फ्लॅट रिकामा करायला आला, तेव्हा नातवाला कधीच न आणल्याबद्दल मी त्याच्यावर तोंड सोडलं. तो शांतपणे म्हणाला, "अंकल, त्या गोष्टींना पुरावा काय?"

माझाच प्रश्न! पण मी तो विचारायच्या आधी सगळं ऐकून घेतलं होतं. अरे, तूही लहानपणी बापाजवळ बसून ऐकलंस, मग नाही म्हणालास. तो तुझा हक्क. तुझ्या पोराला तू ऐकूच दिलं नाहीस. खरं की खोटं, हे त्याच्या वतीने ठरवणारा तू कोण? मला उत्तर दे.