भिंतीवरची घोंगडी

माझ्या बायकोच्या मामांना उभा माणूस बघवत नाही. याहून मोठं दुःख जगात असेल यावर त्यांचा विश्वास नाही. डिंभ्याच्या अलीकडे रस्त्यालगत त्यांचं घर आहे. त्या रस्त्यावर कुणी क्षणभर थबकला, की मामा खांद्यावरची घोंगडी अंथरून "बसा की राव" म्हणत हजर. मीटर बघायला आलेला वायरमन, वाट चुकलेले भीमाशंकरचे भाविक, मतं मागायला आलेले दोन्ही पक्षांचे लोक, सगळे तिच्यावर बसून गेले आहेत. दोन्ही पक्ष तर एकाच वेळी. एकदा घोडेगावच्या स्टँडवर त्यांनी फलाटावर घोंगडी पसरून डिंभ्याच्या एसटीचे ड्रायव्हर-कंडक्टर बसवून घेतले आणि मेंढी कधी कातरावी यावर त्यांना व्याख्यान दिलं. गाडी उशिरा सुटली, पण ती वेळेवर सुटलेली कुणीच पाहिली नसल्यामुळे तक्रार आली नाही.

घोंगड्या मामा स्वतः विणतात. पुढच्या खोलीत जमिनीत कमरेएवढा खड्डा आहे, त्यात पाय सोडून ते मागावर बसतात. माग बंद असला तरी बसतात. चहा तिथे, पेपर तिथे, दुपारची डुलकीही तिथेच. लग्नात त्यांनी मला दिलेली घोंगडी अंगाला टोचते अशी मी एकदा तक्रार केली, तर म्हणाले, "टोचतंय म्हंजे जित्तं हाय, पावणं. न टोचणारं पांघरून माणूस झोपूनच ऱ्हायचा." मी तेव्हापासून तिच्याखाली चादर घेतो, हे त्यांना ठाऊक नाही.

या खड्ड्यावरून घरात धुसफूस होती. मामांच्या मुलाला, सोपानला, तो बुजवून खोलीत फरशी घालायची होती. घोंगडीला गिऱ्हाईक उरलं नव्हतं, आणि सुनेच्या माहेरचा एक माणूस दिवे गेलेले असताना त्यात पडून लंगडत परत गेला होता. अशात पुण्यात आंतरराष्ट्रीय डिझाइन महोत्सव भरायचा होता. त्याची मंडळी स्थानिक कारागिरी शोधत जुन्नर-आंबेगाव फिरली. मामांच्या घरी अर्थातच ती बसली, आणि उठताना एक मोठी काळी घोंगडी प्रदर्शनासाठी घेऊन गेली. निवडक वस्तू पुढे परदेशात जाणार होत्या, आणि मग तिकडून मागणी येणार होती. मामा सोपानला म्हणाले, "मागणी आली तर खड्डा ऱ्हाईल. न्हाई आली तर तू आन् तुझ्या फरशा." सोपान कबूल झाला.

मी पुण्यात राहतो म्हणून मामांना तिथे नेण्याचं काम माझ्याकडे आलं. घोंगडी पांढऱ्या भिंतीवर टांगली होती, वरून दिव्यांचा झोत होता. परदेशी पाहुणे मान तिरकी करून तिच्याकडे बघत होते. संयोजक मुलीने मामांना हात जोडून सांगितलं की निवड करणारी मंडळी एवढ्यात येतील. मामांनी मान डोलावली. मी पाण्याची बाटली आणायला गेलो, आणि तेवढं पुरलं.

परत आलो तर भिंत रिकामी. घोंगडी जमिनीवर, तिच्यावर पांढऱ्या केसांची एक परदेशी बाई काठी बाजूला ठेवून मांडी घालायचा प्रयत्न करत होती, आणि मामा इतरांनाही हाताने खुणावत होते. पाहतापाहता दहाबारा जण बसले. कुणीतरी कागदी पेल्यांतून चहा आणला, त्यातला एक घोंगडीवरच कलंडला. मी धावत जाऊन भिंतीवरची पाटी दाखवली.

"हात लावू नगा असं लिवलंय," मामा म्हणाले. "बसू नगा असं कुठं लिवलंय?"

बसलेली मंडळी बेहद्द खूश होती. फोटो निघाले, त्या बाईंनी मामांचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. निवड करणारे आले, तेही हसले. पण वापरलेली, डागाळलेली वस्तू पुढे पाठवता येणार नाही, असा त्यांचा नियम होता. संयोजक मुलीला हे सांगणं फार जड गेलं. "झटकून देतो की," मामा म्हणाले. मग त्यांनाही कळलं.

परतताना मंचर आलं. मी म्हणालो, "मामा, तासभर दम धरला असता तर?"

"बाई काठीवर उभी व्हती, पावणं," ते म्हणाले. "माझंच घोंगडं भिंतीवर आन् म्हातारं माणूस त्याच्याम्होरं उभं. खड्ड्यासाठी तसंच ठिवायचं व्हय तिला?"

मी गाडी घोडेगावच्या रस्त्याला वळवली.

मागणी आली नाही. दिवाळीनंतर मी गेलो तेव्हा माग सोडवून पडवीत ठेवला होता आणि सोपान खड्ड्यात मुरूम टाकत होता. मुरूम चोपायला त्याने धुमस आणलं होतं, पण मामांनी ते बाजूला सारलं आणि स्वतः मुरमावर उतरले. डावा पाय, उजवा पाय, पुन्हा डावा. विणताना मागाच्या पायपट्ट्या दाबाव्यात त्याच चालीने पाय पडत होते, आणि हात कमरेजवळ इकडून तिकडे धाग्याचा धोटा फेकावा तसे हलत होते. ते त्यांच्या लक्षातही आलं नसावं. मला फार वाईट वाटलं.

"झालं की, दादा. पक्कं झालं," सोपान वडिलांना हळूच म्हणाला.

"आजून थोडं," मामा म्हणाले.

सोपानने फावडं खाली ठेवलं आणि भिंतीला टेकून तो बघत राहिला. मग त्याने घाई केली नाही.