गौरीचा पिवळा पट्टा अन हरभऱ्यातले वांदरं

हिवाळ्यात आमच्या घरी दोन गोष्टींचा ढीग लागते. एक कापसाचा, दुसरा किश्शांचा. कापूस खोलीत मावला नाही तर मंडीत नेता येते. किस्से कोण घेते? ऐकून ऐकून म्हातारी कटाळली. सुनबाई म्हणे, "मामाजी, तोच किस्सा तुम्ही दुधवाल्यालेबी सांगता, त्या बिचाऱ्याचं दूध नासते! लिहून टाका एकदाचं."

म्हणून लिहून राह्यलो. चौथीत मास्तरनं मले सोडलं अन म्या मास्तरले. तवा ऱ्हस्व-दीर्घ तुमचं तुम्ही पाहून घ्या!

आमचं घर बोरी अरबले. पोरगा संजू, सून वैशाली, अन नातवंडं तीन. ओम दहाचा, गौरी सातव्यात निघालेली, बिट्टू शेंडेफळ. तिघाइचेबी बड्डे हिवाळ्यातच. काहून, ते मले विचारू नका. संजूले विचारा!

*

पहिला नंबर ओमचा. दारव्ह्याहून केक आला. केकवर मेणबत्ती. ओमनं गाल फुगवले तसा म्या वरडलो, "थांब बे! दिवा फुंकते काय कोणी? बड्डेच्या दिवशी अंधार करतं काय?"

"आबाजी, तो दिवा नाही, कँडल हाय!"

"जळते ना? मग दिवाच!"

सुनबाईनं मधला रस्ता काढला. अगोदर आजीनं ओवाळायचं, मग पोरानं मेणबत्ती फुंकायची. मले पटलं. म्हातारीनं ताट आणलं, निरांजन लावलं, ओमच्या कपाळाले कुंकू लावलं. ताट फिरून राह्यलं तेवढ्यात बिट्टू मधात घुसला. फूऽऽ! निरांजन गार! अन हा पठ्ठ्या टाळ्या पिटून राह्यला, "हॅपी बड्डे! हॅपी बड्डे!"

बरं, तेवढ्यावर थांबलं काय? तवापासून सांज झाली की म्हातारी देवापाशी दिवा लावते, बिट्टू पळत जाऊन फुंकते अन टाळ्या वाजवते.

आमच्या घरी देवाचा रोजच बड्डे!

*

मग सुनबाईच्या डोक्यात 'ऍक्टिव्हिटी' शिरली. शाळा सुटली की लेकराइले ऍक्टिव्हिटी पाह्यजे म्हणे. म्या म्हणलं, "आमच्या वेळी होती ना. तिले बकऱ्या चारणं म्हणत."

कोण ऐकते? ओम अगोदरच कराटेले जात होता, आता गौरीचंबी नाव टाकलं. आठ दिवस मी भांडलो. पोरीले मारामारी कायले? सुनबाई म्हणे, "मामाजी, काळ बदलला." म्या म्हणलं, "काळ बदलला तं बदलू दे, पोरीचे दात तं दुधाचे हायेत!" नवव्या दिवशी तिले आणाले मलेच धाडलं.

क्लासच्या खिडकीतून पाह्यलं तं एक गडी पांढऱ्या पैजाम्यावर उभा. म्या मनात म्हणलं, अंघोळीहून सरळ इकडंच आला काय? तेवढ्यात त्यानं हवेत मुक्का हाणला अन माह्याकडं तोंड करून वरडला, "किआऽऽय!"

म्या म्हणलं, "कायी नाही जी! नातीले न्याले आलो!"

सगळे पोरं लोळून हसले. मग त्या गड्यानं, म्हणजे कराटेच्या सरनं, बाहेर येऊन समजावलं, "बाबा, ते 'काय' नाही, 'किआय' आहे. मुक्का मारताना पोटातून आवाज काढायचा. तुमची गौरी हात-पाय मस्त चालवते. पण आवाज निघतच नाही. जानेवारीच्या शेवटी यवतमाळले परीक्षा आहे. किआय नाही, तर पिवळा बेल्ट नाही."

आता गौरीचं सांगतो. ही पोरगी बोलते तं समोरच्यानं कान तिच्या तोंडाशी न्यायचा. पाणी मागितलं तरी वाटते की गुपित सांगून राह्यली. शाळेत हजेरीले 'प्रेझेंट' म्हणते तं मॅडम गैरहजर मांडते! लाडानं म्हणा की भेवानं, पण आवाज गळ्याच्या वर येतच नाही.

घरी येताना ओम तिले सारखा डिवचत होता, "गौरे, तू किआय नको करू. तू म्याऊ कर!"

 घरी आल्यावर ओमचा पिवळा बेल्ट खुंटीवर टांगलेला होता, त्याच्याकडं पोरगी एवढंसं तोंड करून पाहत बसली. तवा मले समजलं की हे साधं नाही.

*

मग आला गौरीचा बड्डे. आदल्या दिवशी ते माह्या मांडीवर चढली. कानात हवा आल्यासारखं झालं. "आबाजी, मले पिवळा पट्टा पाह्यजे."

म्या म्हणलं, "हात्तिच्या! एवढंच? परीक्षा कायले, बाजारातून आणून देतो!"

बाजाराच्या दिवशी गेलो. आमच्या ओळखीचा एक दुकानदार हाय, कासरे, येसण्या, झुली, सारं ठेवते. म्हणलं, "पिवळा पट्टा दाखव. चांगल्यातला. नातीसाठी हाय." तो जरासा माह्याकडं पाहतच राह्यला. पण गिऱ्हाइकाले कोण विचारते? त्यानं असा चकचकीत पट्टा काढला की बस! पिवळाधमक, लाल गोंडे, अन पितळी घंट्या लागलेल्या.

केक कापला. सगळ्याइच्या समोर गौरीनं पुडी उघडली. घंट्या वाजल्या. 

म्हातारी म्हणे, "अवो, पोरगी सात वर्साची झाली! वासरू नाही झाली!"

ओम तं पोट धरून जमिनीवर. "आबाजी! तिले कराटेचा बेल्ट पाह्यजे होता! तो दुकानात भेटत नाही! परीक्षेत भेटते!"

मी पडलो तोंडावर. पण गौरी हसली नाही, रडली नाही. तिनं तो पट्टा कमरेले गुंडाळला, एक गिरकी घेतली, अन माह्या कानापाशी येऊन म्हणे, "आबाजी, याले घंट्या हायेत!"

ते फक्त मलेच ऐकू आलं.

*

नाताळच्या सुट्टीअगोदर बिट्टूच्या शाळेत सांताबाबा पाह्यजे होता. मॅडमले माह्या पांढऱ्या मिशा आवडल्या. म्या म्हणलं, "बाई, मले नाचता येत नाही." मॅडम म्हणे, "नाचायचं नाही आजोबा. फक्त 'हो हो हो' म्हणायचं."

लाल डगला चढवला. दाढी घरच्या कापसाची. टोपी लावून, थैली खांद्यावर टाकून मैदानात निघालो तं सारी शाळा चॉकलेटसाठी अंगावर धावून आली! म्या घाबरून हात वर केला अन म्हणलं, "हो! हो! होऽऽ!"

जिंदगीभर बैलं हाकले. बैल थांबवाचा तं असाच आवाज निघते. सारे लेकरं जाग्यावर उभे! एक पाय वर असलेलं तसंच थांबलं!

मॅडम म्हणे, "इतकी शिस्त तर आमच्या हेडसरलाही जमत नाही!"

मग रांग लावली. एकेकानं यायचं, सांताच्या कानात सांगायचं, चॉकलेट घ्यायचं. कोणाले सायकल पाह्यजे, कोणाले मोबाईल. एका बहाद्दरानं नवा मास्तर मागितला! बिट्टूनं माही दाढी ओढून सांगतलं, "तुमच्या दाढीत सरकी हाय."

अन शेवटी गौरी आली. तिची शाळा त्याच आवारात. कानापाशी तोंड आणून म्हणे, "सांताबाबा, मले मोठा आवाज पाह्यजे."  जराशी गेली अन परत आली. "आबाजीले सांगू नका."

*

सुट्टी लागली. म्या म्हणलं, चल पोरी, वावरात.

हिवाळ्यात आमच्या हरभऱ्यावर वांदरं पडतात. घाटे धरले की टोळीची टोळी. त्याइले हाकलाची माही एक हाळी हाय, बापापासून चालत आलेली. "हाऽऽऽ हुर्र! बापाचं वावर हाय काय बेऽऽ!" एवढं म्हणलं की वांदरं दोन धुरे, म्हणजे बांध, ओलांडून जाते.

वासराचा तो पिवळा पट्टा हातात घेऊन मी बाभळीखाली बसलो. गौरीले वावराच्या त्या टोकाले उभं केलं. "घंट्या वाजल्या की समजाचं, वांदर आलं. मग तू हाळी द्याची. मी देणार नाही. हरभरा गेला तं गेला!"

पहिल्या दिवशी एक जाडा हुप्प्या तिच्यासमोर येऊन बसला. म्या घंट्या वाजवल्या. गौरीनं तोंड उघडलं. "जा ना."

हुप्प्यानं काख खाजवली, एक डहाळा उपटला, अन तिच्याकडं पाहत पाहत खाल्ला! मले वाटलं, आता तो तिलेबी एक घाटा देते!

दोन-चार दिवस असंच. हरभऱ्याची वाट लागली. म्हातारी म्हणे, "तुम्ही वांदरं हाकलून राह्यले की जेवाले बोलावून राह्यले?"

मग एक दिवस गौरीनं धुऱ्यावर डबा ठेवला. डब्यात आजीनं केलेली तिळाची पोळी. माह्या घंट्या वाजाले उशीर झाला, अन हुप्प्यानं पोळी उचलली. तिच्या डोळ्यासमोर तोडला एक घास.

"हाऽऽऽ हुर्र! बापाचं वावर हाय काय बेऽऽऽ!"

माह्या हातातला पट्टा खाली पडला! हुप्प्या पोळी टाकून पळाला. बगळे उडाले. शेजारच्या वावरातून तांड्यावरचा रामू राठोड लाठी घेऊन धावत आला, "काका! काका! काय झालं? कोणाले मारून राह्यले?"

म्या म्हणलं, "अरे, नात हाय माही! तिनं हाळी देल्ली."

रामू गौरीकडं पाहे, माह्याकडं पाहे. "खरंच? मले वाटलं तुमीच."

*

संक्रांतीले बिट्टूचं बोरन्हाण. बोरन्हाण म्हणजे लहान लेकराले काळे कपडे, हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवाचं, अन त्याच्या डोक्यावरून बोरं, मुरमुरे, चॉकलेटं ओतायचे. बाकीच्या लेकराइनं ते लुटाचं. सुनबाईनं त्याच दिवशी हळदीकुंकूबी ठेवलं. नटूनथटून बाया आल्या. मास्तरीणबाई, डॉक्टरीणबाई, सारा मान्यवर कारभार.

बोरं ओतले. लेकरं तुटून पडले. बिट्टूले समजलं की हे आपल्या डोक्यावरचा माल पळवून राह्यले. तो उठला, लुटीवर चारी पाय पसरून बसला, अन बायाइकडं पाहून वरडला,

"बापाचं वावर हाय काय बे!"

मास्तरीणबाईच्या हातचं वाण खाली पडलं. अन सुनबाईनं सरळ माह्याकडं पाह्यलं. बिट्टूकडं नाही. माह्याकडं!

बाया गेल्यावर निकाल लागला. "मामाजी, गौरी हे तिथं परीक्षेत बोलली तर? नागपूरचे सर येणार आहेत! गौरी, तू फक्त 'किआय' म्हणायचं. दुसरं कायी नाही. अन मामाजी, परीक्षेच्या दिवशी तुम्ही तोंडातून एक शब्द काढायचा नाही."

म्या कबूल केलं. पण गंमत पाहा. वावरात हाळी देणारी पोरगी, अंगणात 'किआय' म्हणाले उभी केली की पुन्हा गळा बंद! ओमबी आता डिवचत नव्हता. उलट शिकवत होता. "पोटातून, गौरे, पोटातून!" ते पोट फुगवे, तोंड उघडे, अन हवा निघे.

*

परीक्षेचा दिवस. यवतमाळचा मोठा हॉल. आम्ही सारे मागच्या खुर्च्याइवर. मी थैली मांडीवर घेऊन. सुनबाई म्हणे, "थैलीत काय आहे?" म्या इशाऱ्यानं सांगतलं, स्वेटर. शब्द काढायचा नव्हता ना!

समोर टेबलाशी नागपूरचे मोठे सर. कमरेले काळा पट्टा, चेहरा त्याच्याहून कडक. एकेक लेकरू येई, मुक्का हाणे, 'किआय' वरडे, टाळ्या पडत.

गौरीचं नाव पुकारलं. पोरगी ताठ गेली. नमस्कार केला. मुक्का असा हाणला की बाही फाटकन वाजली. तोंड उघडलं.

हवा.

"जोर से, बेटा," मोठे सर म्हणले.

पुन्हा मुक्का. पुन्हा हवा. एक-दोन लेकरं खुसखुसले. गौरीचे कान लाल. सुनबाईनं डोळे मिटले, ओमनं खुर्ची गच्च धरली. आमचे सर मान खाली घालून उभे.

"लास्ट चान्स, बेटा."

म्या शब्द काढला नाही. देवाशपथ नाही काढला. फक्त थैलीत हात घातला.

घंट्या वाजल्या.

गौरीची मान वर झाली.

"हाऽऽऽ हुर्र! बापाचं वावर हाय काय बेऽऽऽऽ!"

मुक्का मोठ्या सरच्या नाकासमोर येऊन थांबला. सर खुर्चीसकट मागं सरकले. पेन टेबलाखाली. दारातला चहावाला किटली घेऊन उभाच राह्यला. 

तेवढ्यात बिट्टू खुर्चीवर चढला, इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. "आबाजी, वांदर कुठी हाय?"

सुनबाईनं पदरात तोंड लपवलं. मोठे सर टेबलाखाली वाकले, पेन शोधलं. वर आले तं डोळ्यातून पाणी येऊन राह्यलं होतं, हसून हसून. "पास!" म्हणले. "और किसी का नहीं निकला ऐसा. पोटातून निघाला!"

टाळ्या थांबता थांबेनात. आमच्या सरनं समोर येऊन, गुडघ्यावर बसून, गौरीच्या कमरेले पिवळा बेल्ट बांधला. खराखुरा. पोरगी खाली वाकून पाहत राह्यली. एक गिरकी घेतली. थांबली. मग उलटी गिरकी घेतली.

अन तिथूनच, साऱ्या हॉलच्या वरून, मले हाक मारून म्हणे,

"आबाजीऽऽ! याले घंट्या नाहीत!"