डब्बा आला होता

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. आत्ताही घरात कुणी नाही, तरी दार लावून घेतलंय — इतक्या वर्षांनी मला भीती तरी कशाची वाटते?

सिंदेवाहीकडच्या एका राईस मिलमध्ये धान वाळवायचा मोठा ड्रायर होता. त्याच्या आतली उष्णता संगणकावर दाखवायचा प्रोग्राम मी लिहिला. दोन हजार सालानंतरची गोष्ट. चंद्रपुरात असलं काम करणारे तेव्हा मोजकेच, त्यात मी मुलगी — चांगलाच भाव खायचे. उष्णता फार वाढली की पडद्यावर मेसेज बॉक्स येणार आणि तो पाहून ड्रायर चालवणारे हनिफभाऊ भट्टी बंद करणार, एवढंच काम. बॉक्सला ते डब्बा म्हणत. "ताई, तुमचा डब्बा आला का मी पयलेच पळतो," असं हसून सांगायचे.

आता थोडं किचकट आहे, पण त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. प्रोग्रामचा एक थ्रेड, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारा भाग, पडदा सांभाळत होता, दुसरा मागे राहून उष्णता मोजत होता. मागच्यानं पुढच्याला कळवायचं आणि बॉक्स पुढच्यानंच दाखवायचा, हा नियम. मी मागच्याकडूनच थेट दाखवत होते. बहुतेक वेळा यायचाही. एकदा मात्र, एकटी तपासत असताना, बॉक्स आलाच नाही — पडदा गोठला आणि आधीचा चांगला आकडा तसाच दिसत राहिला. दुसऱ्याच दिवशी मालकांना सगळं दाखवायचं होतं. मी काय केलं? संगणक बंद करून पुन्हा सुरू केला. या वेळी बॉक्स आला. नंतर बघू, म्हटलं — तुम्हीही असंच म्हटलं असतं का? नको, ते विचारायला नको.

ऐन हंगामात, भरदुपारी ड्रायर पेटला. हनिफभाऊ पडद्यासमोरच बसले होते आणि आकडा चांगलाच दिसत होता. धूर पाहून ते झाकण उघडायला धावले. दोन्ही हात भाजले.

मला बोलावणं आलं. हातांना पट्ट्या बांधून ते ऑफिसात उभे होते. "डब्बा आलाच नाई ना, मालक," म्हणत होते. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. आणि माझ्या तोंडातून निघालं, अगदी शांतपणे: "बॉक्स आला होता. यांनी न वाचताच ओके दाबलं असेल."

पटण्यासारखंच होतं. बॉक्स इंग्रजीत, आणि न वाचता ओके दाबायची सवय तर सगळ्यांनाच.

मला वाटलं, ते भांडतील. भांडले असते तर कदाचित मी — पण नाही. ते आठवायला लागले. "दाबलं असन बा... ध्यानात नाई येऊन राह्यलं. ताई काऊन खोटं बोलन?"

मालकांनी त्यांना त्याच दिवशी काढून टाकलं. जाताना ते माझ्यापाशी थांबले. "माफ करजा, ताई. माह्यामुळं तुमच्या कामाले डाग लागला."

मी मान डोलावली. मान डोलावली मी!

चूक नंतर गुपचूप दुरुस्त केली. दोन ओळींचं काम होतं. सिंदेवाहीची बस आजही टाळते. मोबाइलवर अचानक काही उगवलं की तो पालथा ठेवते. हनिफभाऊ आहेत की गेले, हे विचारायचीही छाती झाली नाही. असतील, तर आपल्याच हातून घडलं असं धरून जगत असतील.

त्यांनी काहीही दाबलं नव्हतं.